ओसरीवरून चावडीवर : गावात सेवाभावी नेतृत्व उभे करण्याची रीत

प्रत्येक गावात चार-दोन माणसे अशी असतात की अडल्यानडल्याला लोक त्यांच्या ओसरीवर जाऊन बसतात. दाखला अडकला, पीकविम्याचा अर्ज भरायचा राहिला, नळाला आठ दिवस पाणी नाही, सुनेला रात्रीच दवाखान्यात न्यायचे आहे, अशी कोणतीही वेळ आली की पाय तिकडेच वळतात. ही माणसे खरोखर उपयोगी पडतात आणि गावाला त्यांच्याविषयी आदरही असतो. तरीही दहा-पंधरा वर्षांनी पाहावे तर गाव त्यांच्यावर पूर्वीइतकेच, किंबहुना अधिकच अवलंबून झालेले दिसते. मदत पुष्कळ झालेली असते, पण अर्ज लिहायला शिकलेला दुसरा माणूस तयार झालेला नसतो. या लेखात ज्या नेतृत्वाविषयी लिहायचे आहे, ते इथून पुढे सुरू होते. ओसरीवर होणारे निर्णय, कपाटात पडलेले कागद आणि खुंटीला टांगलेल्या किल्ल्या हळूहळू चावडीवर, म्हणजे सर्वांच्या जागेत नेऊन ठेवणे, हे त्या नेतृत्वाचे मुख्य काम आहे.

अमेरिकेत एका मोठ्या टेलिफोन कंपनीत अनेक वर्षे काम केलेल्या रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी १९७० मध्ये सेवक-नेतृत्वाची कल्पना एका निबंधात मांडली. त्यांची कसोटी थोडक्यात अशी आहे : ज्यांची सेवा झाली ती माणसे अधिक शहाणी, अधिक स्वतंत्र आणि स्वतः सेवा करायला पुढे येण्याजोगी झाली का, आणि समाजातल्या सर्वांत मागे राहिलेल्या माणसाचे त्यातून काय झाले? महाराष्ट्रात ही कसोटी लावून पाहावी अशी कामे पुष्कळ आहेत आणि पुढे त्यांतल्याच काहींचा आधार घेतला आहे. लेखातली रीत मुख्यतः खेड्यासाठी लिहिली असली, तरी शहरातली वस्ती, चाळ किंवा गृहनिर्माण संस्था यांनाही ती थोड्या फरकाने लागू पडते.

आधी ऐकण्याची फेरी

काम सुरू करण्यापूर्वी निदान दोन महिने केवळ ऐकण्यासाठी राखून ठेवावेत. हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो आणि उत्साही तरुणांना तर तो अगदीच सोसत नाही. पण हीच पायरी गाळल्यामुळे बंद पडलेली वाचनालये आणि कुलूप लागलेल्या व्यायामशाळा गावोगाव पाहायला मिळतात. कोणाला तरी ते हवे असेल असे दुसऱ्याच कोणाला तरी वाटलेले असते.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली, तेव्हा दवाखाना कसा असावा हे त्यांनी आदिवासी लोकांनाच विचारले. मोठ्या इमारतींची आणि पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांची आपल्याला भीती वाटते, असे लोकांनी सांगितले. म्हणून शोधग्राम या संस्थेच्या वसाहतीतला दवाखाना गोंडी वस्तीसारख्या छोट्या घरांचा झाला आणि त्याला लोकांच्या देवीचे, माँ दंतेश्वरीचे नाव मिळाले. उत्तम शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांनाही जे नुसत्या निरीक्षणाने कळले नसते, ते विचारल्यामुळे कळले.

ऐकण्याची फेरी कशी काढावी, याचे काही व्यावहारिक नियम आहेत. पहिला नियम वेळेचा. सकाळी दूध डेअरीवर पोचेपर्यंत आणि शेतावर जाण्याच्या घाईत कोणी मोकळेपणाने बोलत नाही. मजुरीला जाणाऱ्या माणसांशी रात्री जेवणानंतरच बोलता येते. स्त्रियांशी बोलायचे असेल तर बचत गटाच्या बैठकीचा दिवस आधी विचारून घ्यावा आणि सोबत गावातलीच एखादी जाणती बाई असावी; पुरुषाने एकट्याने उंबऱ्याशी उभे राहून घेतलेली माहिती बहुधा घरातल्या कर्त्या पुरुषाचीच माहिती असते.

दुसरा नियम जागेचा. लोकांना आपल्याकडे बोलावू नये, आपण त्यांच्याकडे जावे आणि फेरीची सुरुवात गावाच्या कडेच्या वस्तीपासून करावी. गावठाणापासून दूर असलेली वाडी, भटक्या-विमुक्तांची पाले, ऊसतोडीला जाऊन परत आलेली कुटुंबे, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाया आणि अपंग माणसे यांची यादी आधी करावी. ही माणसे कोणत्याही बैठकीला येत नाहीत आणि त्यांच्या न येण्याची नोंद कुणी घेत नाही. फेरी मध्यातून सुरू केली, तर चौकातल्या आठ-दहा बोलक्या माणसांचे म्हणणे हेच गावाचे म्हणणे ठरते आणि मग कडेला जायचे राहूनच जाते.

तिसरा नियम प्रश्नाचा. “तुम्हाला काय पाहिजे?” असे विचारले की रस्ता, सभामंडप आणि हायमास्ट दिवा ही ठरलेली उत्तरे मिळतात, कारण निवडणुकीत हाच प्रश्न विचारला जातो. त्याऐवजी मागच्या आठवड्याबद्दल विचारावे. पाणी भरायला किती वेळ गेला, कोणत्या कामासाठी मजुरी बुडाली, तालुक्याला किती खेपा झाल्या, कुणाकडून उसने घ्यावे लागले, असे विचारले की खरा त्रास आपोआप बाहेर येतो. मिळालेले उत्तर त्याच दिवशी वहीत शक्यतो सांगणाऱ्याच्याच शब्दांत लिहावे. या काळात कोणतेही आश्वासन देऊ नये. “बघतो” हा शब्दसुद्धा आपल्याकडे आश्वासनच मानला जातो, याचे भान ठेवावे.

पहिले काम हाताने करायचे

डेबूजी झिंगराजी जाणोरकर, म्हणजे संत गाडगेबाबा, गावात आले की आधी खराट्याने रस्ते झाडायला लागत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. या क्रमात मोठे शहाणपण आहे. दिवसभर ज्याने आपली घाण उचलली, त्याने रात्री चार कडक शब्द सुनावले तरी ऐकणाऱ्याला ते लागत नाहीत, पटतात. शिवाय बाबांचे कीर्तन हे एकतर्फी भाषण नसे. ते प्रश्न विचारत आणि उत्तर समोरच्या अडाणी समजल्या जाणाऱ्या माणसांकडूनच वदवून घेत. त्यांच्या प्रेरणेने पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या, पण त्यांची मालकी त्यांनी स्वतःकडे किंवा कुटुंबाकडे ठेवली नाही.

पहिले काम निवडताना चार गोष्टी पाहाव्यात : ते ऐकण्याच्या फेरीत अनेकांच्या तोंडून आलेले असावे, त्याला कुणाची मंजुरी किंवा निधी लागू नये, ते दोन-तीन आठवड्यांत पुरे व्हावे, आणि त्याचा फायदा सर्वांत आधी कडेच्या वस्तीला मिळावा. हातपंपाभोवतीचा चिखल काढून सांडपाण्यासाठी शोषखड्डा घेणे, अंगणवाडीकडे जाणारी वाट नीट करणे, स्मशानभूमीतली झुडपे तोडणे, पावसाळ्याआधी ओढ्याच्या काठचा कचरा उचलणे, अशी कामे यात बसतात. श्रमदानाचा दिवस ठरवताना बाजाराचा दिवस, लग्नाची तिथी आणि सुगी टाळावी. ज्यांचे पोट रोजच्या मजुरीवर आहे त्यांच्याकडून दिवसभराच्या श्रमदानाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. त्यांच्यासाठी सकाळचे दोन तास पुरेत, आणि ते नाही आले तरी त्यांचे नाव कुठेही कमी लेखले जाऊ नये.

या टप्प्यावर फ्लेक्सचा मोह होतो. आपल्याकडे एका गल्लीत तीन ‘कार्यसम्राट’ आणि दोन ‘युवा हृदयसम्राट’ सुखाने नांदतात, त्यामुळे आणखी एका फोटोने गावाचे काही बिघडणार नाही हे खरे. पण ज्या कामावर एका माणसाचा चेहरा लागतो, त्या कामाची दुरुस्ती पुढे त्याच माणसाने करावी असे लोक धरून चालतात. फलक लावायचाच असेल तर त्यावर काम काय झाले, खर्च किती आला आणि देखभाल कोणत्या वस्तीकडे आहे एवढेच लिहावे.

बैठक : जागा, वेळ, बोलण्याचा क्रम

निर्णय सर्वांच्या जागेत न्यायचा म्हणजे बैठक नीट भरवायला शिकायचे. हा भाग सर्वांत कंटाळवाणा आणि तरीही सर्वांत महत्त्वाचा आहे.

जागा अशी निवडावी की तिथे यायला कुणाचेही पाय अडखळणार नाहीत. काही गावांत मंदिराच्या ओट्यावर सर्व जाती अजूनही मोकळेपणाने बसत नाहीत, आणि एखाद्या पुढाऱ्याच्या वाड्यात तर विरोधी भावकीचा माणूस पाऊलही टाकत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेचे आवार हे बहुतेक गावांत त्यातल्या त्यात सर्वांचे ठिकाण असते. बसण्याची व्यवस्था जमिनीवर सतरंजी घालून सर्वांना सारखी असावी. दोन खुर्च्या आणि एक टेबल मांडले की बैठकीची सभा होते आणि सभेत लोक ऐकायला येतात, बोलायला येत नाहीत.

बोलण्याचा क्रम आधी ठरवावा. मी सुचवेन तो क्रम असा : आधी स्त्रिया, मग कडेच्या वस्तीतली माणसे, मग तरुण, मग इतर, आणि सर्वांत शेवटी ज्याने बैठक बोलावली तो. पुढाऱ्याने सुरुवातीलाच आपले मत सांगितले की उरलेली बैठक त्याला दुजोरा देण्यात जाते. नेतृत्व करणाऱ्याने शेवटपर्यंत थांबून इतरांचे म्हणणे नीट मांडून दाखवावे, त्यातले मतभेद स्पष्ट करावेत आणि मगच स्वतःचे मत द्यावे. हा संयम जमायला बराच काळ लागतो, आणि बोलके कार्यकर्ते यात हमखास नापास होतात.

निर्णय कसा घ्यावा, याबाबत गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे छोटे गाव बघण्याजोगे आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही या गावाची घोषणा सर्वपरिचित आहे. पण त्या घोषणेमागची कार्यपद्धती तितकी परिचित नाही. गावातलेच नेते देवाजी तोफा आणि त्यांच्या सोबत्यांनी तिथे दोन व्यवस्था वेगळ्या ठेवल्या. अभ्यासगटात कोणत्याही विषयावर चर्चा होते, बाहेरचे जाणकारही बोलावले जातात, कायदा समजून घेतला जातो, आणि तिथे निर्णय मात्र घेतला जात नाही. निर्णय होतो तो ग्रामसभेत, आणि तो बहुमताने न होता सर्वसहमतीने होतो. एखाद्याचा विरोध शिल्लक असेल तर विषय पुढच्या बैठकीवर जातो. या रीतीने काम करणाऱ्या गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि पुढे बांबूच्या विक्रीचे व्यवहार ग्रामसभेने स्वतः सांभाळले.

सर्वसहमती प्रत्येक गावाला झेपेलच असे नाही. दोन हजार मतदारांच्या, चार पक्षांत विभागलेल्या गावात तिचा आग्रह धरला तर एकटा दुखावलेला माणूस सगळे काम अडवून ठेवू शकतो. तरीही तिचा एक भाग कुठेही वापरता येतो : महत्त्वाचा विषय पहिल्या बैठकीत केवळ समजून घ्यायचा आणि निर्णय दुसऱ्या बैठकीत घ्यायचा. मधल्या पंधरा दिवसांत पारावर, पाणवठ्यावर आणि चुलीपुढे जी चर्चा होते, तीच खरी चर्चा असते.

आपल्या अनौपचारिक बैठकांचा शेवट अधिकृत ग्रामसभेत व्हायला हवा, म्हणून तिचे नियम माहीत असले पाहिजेत. महाराष्ट्रात वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणे बंधनकारक आहे आणि त्या साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या सुमारास होतात. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी कमी असलेली संख्या लागते. ती पुरी झाली नाही की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. सात-आठ माणसांनी सगळ्या गावाचे ठराव संमत करण्याचा मार्ग इथूनच जातो. त्यामुळे पहिल्याच सभेला माणसे जमवणे हे भाषण करण्यापेक्षा कितीतरी मोठे काम आहे. ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची वेगळी सभा घेण्याची तरतूदही आहे. ती कागदावर न राहता खरोखर भरली, तर दारूचे, पाण्याचे आणि शाळेचे विषय पुढच्या ग्रामसभेत आपोआप वर येतात.

शेवटी इतिवृत्त. बैठक संपण्यापूर्वी लिहिलेले इतिवृत्त मोठ्याने वाचून दाखवावे आणि मगच सह्या व अंगठे घ्यावेत. कोऱ्या पानावर आधी सह्या घेऊन मजकूर नंतर लिहिण्याची जी पद्धत अनेक ठिकाणी रुजली आहे, तिला स्वतःच्या कामात तरी थारा देऊ नये. ही वही शाळेत किंवा ग्रामपंचायतीच्या कार्यालयात, कुणालाही मागून पाहता येईल अशी ठेवावी.

पैसा

चांगली कामे मोडतात ती बहुधा भ्रष्टाचारामुळे नव्हे, संशयामुळे मोडतात. ज्याने एक रुपयाही खाल्ला नाही अशा माणसावर संशय येतो, तो हिशेब सांगत नाही म्हणून. आणि तो सांगत नाही, कारण हिशेब विचारणे हा त्याला स्वतःचा अपमान वाटतो. हा मान आधी सोडावा लागतो. हिशेब कुणी विचारण्याआधीच मांडला, तर पुढच्या अर्ध्या कटकटी जन्मालाच येत नाहीत.

वर्गणीचा एक पैसाही स्वतःच्या खात्यात किंवा स्वतःच्या मोबाइलच्या यूपीआयवर घेऊ नये. सगळ्यांत सोपे म्हणून सगळीकडे हेच केले जाते आणि भांडणही इथूनच सुरू होते. काम करणाऱ्या गटाच्या नावाने बँकेत खाते उघडून तीन सह्यांपैकी कोणत्याही दोन सह्यांनी पैसे काढता येतील अशी व्यवस्था करावी. तीन सह्या करणारे एकाच घरातले, भावकीतले किंवा पक्षातले नसावेत आणि त्यांत निदान एक स्त्री असावी. पावतीपुस्तकाला छापील क्रमांक हवेत. दहा रुपये देणाऱ्यालाही पावती मिळालीच पाहिजे. वस्तुरूपाने आलेली मदत, म्हणजे सिमेंटची पोती, ट्रॅक्टरची खेप, जेवणाचे धान्य, हीसुद्धा त्याच वहीत नोंदवावी, कारण ती न नोंदवल्यास खर्चाचा आकडा कमी दिसतो आणि पुढच्या कामाचा अंदाज चुकतो.

दर महिन्याला जमा, खर्च आणि शिल्लक असे तीन आकडे एका फळ्यावर लिहावेत आणि बिलांची फाइल फळ्याखालीच ठेवावी. वर्षातून एकदा गावातल्याच, पण गटाबाहेरच्या दोन माणसांकडून हिशेब तपासून घ्यावा. त्यांपैकी एक जण आपल्या कामाचा टीकाकार असेल तर फारच उत्तम. काम वाढून देणग्या मोठ्या येऊ लागल्या तर नोंदणीचा विचार करावा लागतो. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात आणि महाराष्ट्रात अशा संस्थेची नोंदणी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही होते. त्यानंतर विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज दाखल करावा लागतो. माझ्या मते पहिली दोन वर्षे नोंदणीच्या वाटेला जाऊ नये. नोंदणी झाली की अध्यक्ष कोण आणि सचिव कोण हा प्रश्न कामाच्या आधी उभा राहतो.

आधी कोणाला

प्रत्येक वाटपात एक क्षण असा येतो की जे आहे ते सर्वांना पुरत नाही. तेव्हा काय नियम लावला जातो, यावरून नेतृत्वाची परीक्षा होते.

१९७२ च्या दुष्काळानंतर पुण्याचे उद्योजक विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणी पंचायतीचे काम उभे केले. तिथे पाण्याचा वाटा शेताच्या क्षेत्रावर न ठरता कुटुंबातल्या माणसांच्या संख्येवर ठरला. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनांनाही पाण्यावर हक्क मिळाला. उसासारख्या खूप पाणी पिणाऱ्या पिकाला मनाई झाली आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जाणार नाही असे ठरले. त्यातल्या प्रत्येक नियमाने गावातल्या एखाद्या बलवान माणसाचा तोटा होत होता, आणि म्हणूनच ते नियम योजनेच्या आधी ठरवणे आवश्यक होते. पाणी आल्यावर वाटणीचा नियम करायला बसले, तर मोठ्या शेतकऱ्याची पाइपलाइन आधीच टाकून झालेली असते.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. वर्षाकाठी जेमतेम चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या गावाने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी स्वीकारली, शेतीसाठी बोअरवेल घेण्यावर बंदी घातली आणि पुढे दर वर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडण्याची पद्धत पाडली. किती पाऊस पडला, किती पाणी मुरले, पिण्याला आणि जनावरांना किती लागेल, हे आधी बाजूला काढून उरलेल्या पाण्यावर पिके ठरतात. पाऊस कमी असेल त्या वर्षी कोणते पीक घ्यायचे नाही, हे सरपंच सांगत नाही, आकडा सांगतो. नेत्यावरचा रोष कमी करण्याचा याहून चांगला उपाय माझ्या पाहण्यात नाही.

आपल्या गावात लहानसे वाटप असले, उदाहरणार्थ शाळेसाठी आलेल्या सायकली किंवा टंचाईतला टँकर, तरी नियम आधी, लेखी आणि बैठकीत ठरवावा. नेत्याचे स्वतःचे घर, त्याची गल्ली आणि त्याची भावकी यादीत शेवटी असावी. हे थोडे कडक वाटेल आणि घरच्यांना अजिबात आवडणार नाही, याचीही तयारी हवी.

सरकारी कामात मध्यस्थ होऊ नये

तालुक्याच्या कचेरीत ज्याची ओळख असते त्याच्याकडे गर्दी होते. सेवाभावी माणूस इथेच अडकतो : दररोज पाच जणांचे कागद घेऊन तो तहसीलला जातो, वर्षभर राबतो, आणि पाच वर्षांनी लोकांना तहसीलचा दरवाजा कुठे आहे हेही माहीत झालेले नसते. मग एखाद्या दिवशी तो आजारी पडतो आणि एका म्हातारीचे निराधार योजनेचे अनुदान चार महिने अडकते.

यावर रीत अशी ठेवावी. पहिल्या वेळी संबंधित माणसासोबत स्वतः जावे, अर्ज त्याच्याकडूनच लिहवून घ्यावा, लिहिता येत नसेल तर त्याच्या घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुलीकडून लिहवून घ्यावा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्यायला त्यालाच पुढे करावे. दुसऱ्या वेळी तो माणूस पुढे आणि आपण मागे उभे. तिसऱ्या वेळी त्याने एकट्याने जावे आणि परत आल्यावर काय झाले ते सांगावे. पुढच्या महिन्यात त्याच्याच वस्तीतल्या दुसऱ्या माणसासोबत त्याला पाठवावे. सुरुवातीला याला तिप्पट वेळ लागतो हे मान्य, पण वर्षभरात वाडीत अशी चार-पाच माणसे तयार होतात की ज्यांना पोच म्हणजे काय हे कळते.

त्यांना दोन कायदे शिकवावेत. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ प्रमाणे अधिसूचित सेवांसाठी मुदत ठरलेली आहे, आणि त्या मुदतीत सेवा मिळाली नाही तर अपील करता येते. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ प्रमाणे दहा रुपयांच्या शुल्कात माहिती मागता येते, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही लागत नाही, आणि साधारणपणे ३० दिवसांत उत्तर मिळणे अपेक्षित आहे. माहितीचा अर्ज रागाच्या भरात आणि एकाच अर्जात वीस प्रश्न घालून करू नये. एक विषय, नेमका कालावधी आणि हवा तो कागद नावाने, असा अर्ज केला की उत्तर टाळणे अवघड जाते. ग्रामसेवकाशी किंवा तलाठ्याशी रोजचा संबंध असतो. त्यांच्या अडचणीही ऐकून घ्याव्यात. एकेका ग्रामसेवकाकडे दोन-दोन गावे असतात आणि त्याने कोणत्या वारी कुठे बसायचे हे ठरवून घेतले, तर निम्म्या तक्रारी अर्जाविनाच मिटतात.

निवडणूक आणि भावकी

ग्रामपंचायतीची निवडणूक जाहीर झाली की दोन्ही पॅनेलचे लोक येतात. निवडणूक लढवणे हे सेवेच्या विरुद्ध मुळीच नाही. पोपटराव पवारांचे काम सरपंचपदावरूनच उभे राहिले. पण लढवायची असेल तर गटाची वही, खाते आणि किल्ल्या आधी दुसऱ्याकडे सोपवून जाहीरपणे बाजूला व्हावे, आणि लढवायची नसेल तर तेही बैठकीत स्पष्ट सांगावे. अर्धवट भूमिका सर्वांत घातक ठरते.

भावकीचे वाद, बांधाचे वाद आणि लग्नाचे वाद मिटवायला आपल्याला बोलावले जाईल. बांधाच्या वादात दोन्हीकडचे ऐकून समेट घडवता येतो. मात्र स्त्रीवरची हिंसा, जातीवरून झालेला अत्याचार आणि मुलांवरचा अत्याचार हे विषय ‘गावातच मिटवू’ म्हणून कधीही हाती घेऊ नयेत. तिथे पीडित व्यक्तीला पोलीस ठाण्यापर्यंत सोबत करणे आणि नंतरही तिच्या बाजूने उभे राहणे एवढेच आपले काम आहे, मग गावाची बदनामी होते असे कुणीही म्हणो.

दुसऱ्यांच्या हाती देणे

जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. त्यांनी गावोगावच्या, बहुतांशी निरक्षर किंवा जेमतेम शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांतल्या अनेक जणी दलित समाजातल्या होत्या. सुरुवातीला ज्यांच्या हातचे पाणी पिणेही काही घरांना नको होते, त्यांच्याच हातून पुढे त्या घरांतली बाळंतपणे सुखरूप पार पडली. डॉक्टरांनी आपल्याकडची विद्या राखून न ठेवता खाली उतरवली म्हणून हे घडले. गडचिरोलीत ‘सर्च’च्या कामातही घरोघरी नवजात बाळांची काळजी घेणाऱ्या आरोग्यदूत या गावातल्याच स्त्रिया आहेत, आणि तिथल्या अभ्यासात नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले.

आपल्या लहान कामातही हेच करायचे आहे आणि त्याची सुरुवात पहिल्या वर्षापासूनच करायची आहे. प्रत्येक जबाबदारीला दोन माणसे नेमावीत, एक करणारा आणि एक शिकणारा, आणि दर सहा महिन्यांनी शिकणाऱ्याने करणारा व्हावे. कोणतीही व्यक्ती सलग दोन वर्षांपेक्षा जास्त काळ एका पदावर राहणार नाही असा नियम इतिवृत्तात लिहून ठेवावा आणि तो आधी स्वतःला लावावा. नव्या माणसाचे काम आपल्याइतके नेटके होणार नाही. बैठक उशिरा सुरू होईल, हिशेबाच्या फळ्यावर एखादी बेरीज चुकेल, श्रमदानाला निम्मीच माणसे येतील. त्या वेळी धावून जाऊन काम परत हातात घेण्याची ऊर्मी होते. तिला आवर घालून, विचारले तरच सल्ला द्यावा.

वर्षातून एक महिना ठरवून कामापासून दूर राहावे. मुलीकडे जावे, वारीला जावे, शेतात रमावे. फोन मात्र दुसऱ्याकडे वळवावा. परत आल्यावर काय बंद पडले होते त्याची यादी करावी, आणि पुढच्या वर्षभरात त्या यादीतली कामे कुणाला शिकवायची ते ठरवावे.

स्वतःच्या पोटापाण्याविषयीही इथेच लिहिले पाहिजे. ज्याचे घर वर्गणीवर किंवा कंत्राटावर चालते त्याला पद सोडता येत नाही. शेती, दुकान, नोकरी, जे काही असेल ते नीट सांभाळूनच आठवड्याचे किती तास देता येतील ते घरच्यांशी बोलून ठरवावे. घराची ओढाताण करून केलेल्या सेवेचा हिशेब शेवटी घरातल्या बाईच्या नावावर पडतो, आणि तो कोणत्याही फळ्यावर लिहिला जात नाही.

पद सोडताना सुपूर्द करायच्या वस्तूंची यादी अशी असते : इतिवृत्ताच्या सर्व वह्या, पावतीपुस्तकांची स्थळप्रत, बँकेचे पासबुक आणि सह्या बदलण्याचा अर्ज, बिलांच्या फाइली, प्रलंबित अर्जांच्या पोचपावत्या त्यांच्या तारखांसह, सभागृहाच्या व अवजारांच्या किल्ल्या, गटाच्या व्हॉट्सॲप समूहाचे प्रशासकपद, आणि ऐकण्याच्या फेरीत लिहिलेली पहिली वही. हे सगळे भर बैठकीत, एकेक वस्तू मोजून, नव्या माणसाच्या सहीनिशी द्यावे, आणि त्या बैठकीचे इतिवृत्त नव्या माणसाने लिहावे.